दचकून जाग आल्यावर

पहाटेची स्वप्नं खरी होतात, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. खरी होतात की नाही ते सोडून देऊ. पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात एवढं मात्र पक्कं, आणि त्याचं कारण झोपेच्या घडणीत आहे. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप लागते आणि शेवटी एक विचित्र टप्पा येतो. पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरू लागतात, श्वास आणि नाडी कमीजास्त होते, मेंदूच्या लहरी जागेपणीसारख्या दिसतात, आणि मानेखालचं शरीर मात्र लुळं पडलेलं असतं. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. डोळ्यांच्या हालचाली टिपायला ॲसेरिन्स्कीने तारा चिकटवल्या होत्या त्या स्वतःच्या लहान मुलाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून या टप्प्याला 'रेम' झोप म्हणतात. रात्रीच्या पहिल्या फेरीत ती जेमतेम काही मिनिटं असते. पहाटेपर्यंत वाढत वाढत अर्ध्या तासाच्याही पुढे जाते. गोष्टीसारखी, ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. पहाटे रेम लांबलेली असते आणि जाग येण्याची वेळही जवळ आलेली असते, म्हणून तेव्हाचं स्वप्न हाती लागतं. भीतिदायक स्वप्नंही अर्थातच बहुधा तेव्हाच पडतात.

आपल्या जुन्या वैद्यांनी स्वप्नांकडे बऱ्याच थंड डोक्याने पाहिलं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, भावी घटना सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, त्यांतून काही भाकीत काढू नये, असं चरक सांगतो. सातवा प्रकार तर सरळ शरीराच्या बिघाडाशी जोडलेला आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिका मात्र नेमक्या उरलेल्या एका प्रकारावर चालतात.

पुढे जाण्यापूर्वी एक घोळ निस्तरला पाहिजे. रात्री ओरडत उठणं म्हणजे दरवेळी वाईट स्वप्न नव्हे. चार-पाच वर्षांचं मूल झोपल्यावर तासा-दोन तासांत किंचाळत उठून बसतं, डोळे सताड उघडे, घामाने चिंब, आईला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसतं. घरातले घाबरून जातात. हा प्रकार गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्यामुळे होतो. त्यात स्वप्न जवळजवळ नसतंच, आणि वयाबरोबर तो बहुधा आपोआप थांबतो. मुलाला गदागदा हलवून जागं करू नये, पडणार-आपटणार नाही एवढं पाहावं. दुसरा प्रकार म्हणजे जाग आली आहे, खोली दिसते आहे, पण बोटही हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. रेम झोपेतलं शरीराचं लुळेपण संपायच्या आत मन जागं झालं की असं होतं. काही सेकंदांत किंवा मिनिट-दोन मिनिटांत ते सुटतं. गावोगावी या अनुभवाला वेगवेगळ्या भुताखेतांची नावं आहेत. अनुभव जगभर एकच.

तिसरा प्रकार उतारवयातल्या माणसांचा, आणि त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. रेम झोपेत शरीर लुळं पाडणारी यंत्रणा मेंदूच्या खोडात असते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मिशेल जूव्हे यांनी मांजरांमध्ये नेमका तो भाग निकामी केला, तेव्हा झोपेतली मांजरं उठून न दिसणाऱ्या शत्रूवर झेप घेऊ लागली. माणसातला तसाच आजार मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली वर्णन केला. एखादे आजोबा स्वप्नात चोराशी झुंजतात आणि प्रत्यक्षात आजींना गुद्दे बसतात. पन्नाशी ओलांडलेल्या अशा २९ पुरुषांवर शेंक यांच्या गटाने वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९९६ पर्यंत त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना पार्किन्सन्स किंवा त्या जातीचा विकार झाला होता. २०१३ च्या नोंदीत हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं. अशा आजोबांना मानसोपचाराआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यायला हवं.

हे तिन्ही बाजूला काढले की उरतं ते खरं दुःस्वप्न: उत्तररात्री पडणारं, जागं करणारं, जागं झाल्यावर तपशिलासकट आठवणारं. ते कधीमधी सगळ्यांनाच पडतं. परीक्षेचा पेपर कोरा, गाडी सुटली, गेलेले वडील दारात उभे. यात रोग काही नाही. पण आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा अशी स्वप्नं पडणारी माणसं मोठ्यांमध्येही शंभरात चार-पाच तरी सापडतात, आणि मानसोपचाराच्या दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये तर कितीतरी जास्त. तरीही डॉक्टर विचारतात, ‘झोप लागते का?’ स्वप्नं कशी पडतात हे बहुधा कुणी विचारत नाही, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ काय घ्यायचा, असं त्याला वाटतं. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच की ही गोष्ट क्षुल्लक नाही आणि ती बरी करता येते.

मानसोपचारशास्त्रात बराच काळ अशी समजूत होती की झोप बिघडणं हे मूळ आजाराचं नुसतं लक्षण. नैराश्य आहे म्हणून झोप येत नाही, धक्का बसलाय म्हणून वाईट स्वप्नं पडतात. नैराश्य उतरवा, झोप येईल. ऐकायला हे पटतं, पण पुरावा पुरता जुळत नाही. निद्रानाश असलेल्या, पण नैराश्य नसलेल्या माणसांचा काही वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. शांत झोपणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. म्हणजे लक्षण आजाराच्या आधीच हजर होतं. आता कुणी म्हणेल, आधी आलं म्हणून ते कारण ठरत नाही. बरोबर आहे. त्यासाठी झोप सुधारून मन सुधारतं का, हे पाहायला हवं.

ऑक्सफर्डमधल्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१७ साली तेच पाहिलं. ब्रिटनच्या २६ विद्यापीठांतले, झोप नीट न लागणारे ३,७५५ विद्यार्थी घेतले. निम्म्यांना निद्रानाशावरची वर्तनोपचाराची पद्धत इंटरनेटवरून शिकवली, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. उपचारात मनोविकाराचा विषयच नव्हता, सगळी चर्चा झोपेची. तरी ज्यांची झोप सुधारली त्यांच्यातला संशयीपणा कमी झाला, भास कमी झाले, नैराश्य आणि चिंता उतरली, वाईट स्वप्नंही घटली. फरक फार मोठा नव्हता, आणि अर्ध्यावर सोडून देणारे विद्यार्थी पुष्कळ होते. पण दिशा स्पष्ट झाली: मनाकडून झोपेकडे जाणारी वाट झोपेकडून मनाकडेही येते.

मग रेम झोपेत नेमकं होतं काय? मेंदूतला भीतीचा अलार्म म्हणावा असा अमिग्डला हा भाग या टप्प्यात चांगलाच जागा असतो. पण ताणाच्या वेळी अंगात सळसळणारं नॉरॲड्रेनलिन हे रसायन मेंदूत जवळजवळ बंद असतं. भावनेने भरलेली आठवण पुन्हा उघडायची, पण शरीराला धोक्याचा इशारा न देता, अशी ही सोय दिसते. काही संशोधकांच्या मते भीतीची धार इथेच बोथट होते: घटना लक्षात राहते, तिचा डंख निघून जातो. अपघातानंतर पहिले काही दिवस अपघाताचंच स्वप्न पडावं, मग त्यात शाळा मिसळावी, मामाचं घर मिसळावं, आणि हळूहळू ते ओळखूही येऊ नये, असा बहुतेकांचा प्रवास असतो. काहींच्या बाबतीत तो अडतो. तेच स्वप्न, त्याच जागी, त्याच किंकाळीने तुटतं. जखमेवर खपली धरावी आणि दर पहाटे ती उकलावी, तसं. व्हिएतनाम युद्धावरून परतलेले अमेरिकन सैनिक वर्षानुवर्षं अशीच स्वप्नं पाहत राहिले. त्यांच्या दुखण्याला आघातोत्तर ताणविकार म्हणून अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० मध्ये.

भूकंपाचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या घरचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारी-सास्तूर भागात जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दिवसा झाला असता तर हाच भूकंप इतका जीवघेणा ठरला नसता. अशा आपत्तीत घर तर जातंच, पण झोप हीच धोक्याची जागा होऊन बसते. तिथे छताखाली झोपायला तयार नसलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणं व्यर्थ. त्याचं शरीर त्याच्या अनुभवाशी प्रामाणिक असतं. चार वर्षं आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात भूकंप झाला होता. तिथल्या विद्यार्थ्यांची स्वप्नं आणि दूर ॲरिझोनातल्या विद्यार्थ्यांची स्वप्नं ताडून पाहण्यात आली. भूकंप अनुभवलेल्यांना दुःस्वप्नं सुमारे दुपटीने पडत होती, आणि त्यांतल्या साधारण ४० टक्क्यांना भूकंपाची. ॲरिझोनात हा आकडा पाचाच्या आसपास होता. सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोडतोड पुष्कळ झाली होती, पण तिथले हे विद्यार्थी बहुतेक सुखरूप होते. स्वप्नाला प्रत्यक्ष जखमेची गरज नसते.

यातून एक दुष्टचक्र सुरू होतं. स्वप्नाच्या भीतीने माणूस झोपायला टाळाटाळ करतो. टीव्ही चालू ठेवतो, मोबाईल चाळत बसतो, दिवा मालवत नाही. झोप कमी पडली की दुसऱ्या रात्री रेम जास्त जोमाने येते आणि स्वप्नं आणखी भडक होतात. कुणी झोप यावी म्हणून दोन पेग घेतो. दारूने डोळा लागतो खरा, पण पूर्वरात्री दाबून ठेवलेली रेम उत्तररात्री उसळी घेते. दारू सोडलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत भयंकर स्वप्नं पडतात ती याचमुळे. घरच्यांना हे आधी सांगितलेलं असेल तर ‘पीत होता तेव्हा निदान झोपत तरी होता’ हे वाक्य टळतं.

आता उपचार. सगळ्यात परिणामकारक पद्धत ऐकल्यावर बहुतेकांना ती पोरकट वाटते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात बॅरी क्राको यांनी तिचा मोठा प्रयोग केला आणि तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. लैंगिक अत्याचार सोसलेल्या, आघातोत्तर ताणविकार असलेल्या १६८ स्त्रिया त्यात होत्या. काहींच्या दुःस्वप्नांना दहा-दहा वर्षं लोटलेली. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना तीनच बैठका मिळाल्या, बाकीच्यांना तुलनेसाठी प्रतीक्षायादीत ठेवलं. शिकवलं ते असं: जागेपणी, दिवसाउजेडी, एक वाईट स्वप्न निवडा, सुरुवातीला सगळ्यात भीषण घेऊ नका. ते हवं तसं बदला. कसं बदलायचं हे कुणी सांगणार नाही. मग हे नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणा. जुनं पुन्हा घोळवू नका. बस्स.

समजा, एका बाईला रोज स्वप्न पडतं की ती वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यावर आहे आणि मागून पावलं येताहेत. ती नव्या स्वप्नात त्या माणसाला हरवेलच असं नाही. कदाचित जिन्यावर फक्त दिवा लावेल. कदाचित मागून येणारी तिची मावशी निघेल, हातात दुधाची पिशवी. एखादी तर जिनाच काढून टाकेल. बदल मोठा असावा लागत नाही, आपला असावा लागतो. उजळणी पहिल्या दिवशी कृत्रिम वाटते आणि दहाव्या दिवशीही थोडी वाटतेच.

क्राको यांच्या प्रयोगात दुःस्वप्नं घटली, झोपेचा दर्जा सुधारला, आणि ताणविकाराची लक्षणं उपचार घेतलेल्या जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये निदान एका पायरीने उतरली. प्रतीक्षायादीतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या तिथेच राहिल्या किंवा आणखी बिघडल्या. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की त्या बैठकांत अत्याचाराची कहाणी कुणालाही सांगावी लागली नाही. जिथे तोंडातून शब्द काढण्याचीच चोरी आहे, अशा आपल्या समाजात ही सवलत लहान नाही. यावर एक आक्षेप घेतला जातो: स्वप्न बदललं तर मनातली खरी गोष्ट दडपली जात नाही का? स्वप्न हा अंतर्मनाने धाडलेला गुप्त निरोप आहे असं मानलं, तर आक्षेप रास्त ठरतो. पण शंभराव्यांदा तोच निरोप येत असेल आणि दर वेळी माणूस अधिक थकत असेल, तर ती मोडलेली सवय आहे असं धरून चालणंच मला जास्त माणुसकीचं वाटतं.

जिनिव्हातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच पद्धतीला एक जोड दिली. दुःस्वप्नांचे ३६ रुग्ण घेतले, सगळ्यांना नवं स्वप्न रचायला लावलं. निम्म्यांना ते मनात घोळवताना पियानोचा एक सूरमेळ ऐकवला. मग दोन आठवडे, कपाळाला बांधलेल्या पट्टीने रेम झोप ओळखली की तोच सूर सगळ्यांच्याच झोपेत हलकेच वाजायचा. ज्यांच्या मनात सूर आणि नवं स्वप्न यांची सांगड घातलेली नव्हती, त्यांची दुःस्वप्नं आठवड्याला सरासरी तीनवरून एकावर आली. सांगड घातलेल्यांची जवळजवळ शून्यावर. रुग्ण थोडे होते, तेव्हा लगेच हुरळून जायला नको. पण झोपलेल्या मेंदूपर्यंत बाहेरून मदत पोचवता येते, एवढं तरी दिसलं.

औषधांची गोष्ट इतकी सरळ नाही. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं जुनं औषध नॉरॲड्रेनलिनचा परिणाम अडवतं. अमेरिकेतल्या मरी रॅस्किंड यांनी ते माजी सैनिकांच्या दुःस्वप्नांवर वापरलं. लहान चाचण्यांमध्ये परिणाम इतका चांगला दिसला की ते पहिल्या पसंतीचं औषध ठरू लागलं. मग २०१८ मध्ये तीनशेवर माजी सैनिकांची मोठी चाचणी झाली, आणि त्यात ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. ती चाचणी खुद्द रॅस्किंड यांनीच प्रसिद्ध केली, हे त्यांच्याबद्दल आदर वाटावा असं. काही रुग्णांना आजही ते लागू पडतं, म्हणून डॉक्टर देतात. हमी मात्र राहिली नाही.

उलट काही औषधांमुळेच स्वप्नं बिघडतात. रक्तदाब किंवा धडधडीसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यातली नेहमीची. दमा-ॲलर्जीवरच्या मॉन्टेलुकास्टवर तर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली मानसिक परिणामांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. वाईट स्वप्नं त्या यादीत आहेत. नैराश्यावरची अनेक औषधं रेम दाबून ठेवतात, ती एकदम सोडली की स्वप्नांचा पूर येतो. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही; धडधडीची गोळी अचानक थांबवणं तर हृदयाला धोक्याचं.

घरगुती उपायांना मी हसणार नाही. उशाखाली अडकित्ता ठेवणं, मीठ-मोहऱ्या ओवाळणं, मुलाकडून ‘भीमरूपी’ म्हणून घेऊन झोपवणं यात झोपण्यापूर्वीचा एक ठरलेला क्रम आहे, सोबत कुणीतरी आहे याची खूण आहे, आणि दोन्हींनी मन निवतं. अडचण तिथे सुरू होते जिथे रोज ओरडत उठणाऱ्या सुनेला ‘बाहेरचं काहीतरी’ झालंय म्हणून भगताकडे नेलं जातं आणि तिला मारहाण होते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

एक गोष्ट टाळून हे प्रकरण पूर्ण होणार नाही. फिनलंडमध्ये १९७२ पासून ३६,२११ लोकांना इतर प्रश्नांबरोबर दुःस्वप्नांबद्दल विचारलं गेलं आणि त्यांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. वारंवार दुःस्वप्नं पडतात असं सांगणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं. वाईट स्वप्न पडलं म्हणजे कुणी जिवाचं बरंवाईट करतो, असा याचा अर्थ मुळीच नाही; बहुतेकांच्या बाबतीत तसं काही होत नाही. पण आधीच खचलेल्या माणसाची उत्तररात्रही अशी जात असेल, तर ‘स्वप्नच आहे, झोप परत’ म्हणून विषय संपवू नये. त्याला सरळ विचारावं, जगणं नकोसं होतंय का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत मिळते.

आणि डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद न्यावी. किती वाजता आडवं झालो, किती वाजता दचकून जाग आली, स्वप्न आठवतंय का, नेहमीचंच की नवं, पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला, हातपाय झाडले का (हे शेजारी झोपणाऱ्याला विचारून), घोरणं आहे का, कारण झोपेत श्वास अडकण्यानेही काहींना गुदमरण्याची स्वप्नं पडतात. आणि कोणती गोळी कोणत्या तारखेपासून सुरू झाली. त्यांनी नुसतं ‘झोप लागते का’ एवढंच विचारलं, तर कागद पुढे सरकवावा.